आभाराची ओळ

भंडाऱ्याच्या कॉलेजात जीवरसायन शिकवणाऱ्या ज्योत्सनाच्या शोधनिबंधात बोडीटोलीचं नाव कुठेच नव्हतं. गावाला ‘गाव अ’ म्हटलं होतं, माणसांना क्रमांक दिले होते. तालुका तिनं वगळला होता, नकाशा टाळला होता. फक्त शेवटी, संदर्भसूचीच्या आधी, तीन ओळींचे आभार होते: विद्यापीठाचे, प्रयोगशाळेतल्या इश्वरचे, आणि मुक्कामात राहण्याजेवणाची सोय केल्याबद्दल श्री. केवळराम नान्हे यांचे.

निबंध ज्या नियतकालिकात आला त्याचा तो अंक संयुक्त होता. पर्यटन, आदरातिथ्य, वैद्यक आणि जीवरसायन या विभागांनी मिळून पवनीकडच्या जंगलाकाठच्या गावांत काम केलं होतं आणि त्याचे निबंध एकाच अंकात छापले होते. त्यातला पहिला केवळरामच्या होमस्टेवर होता. तलावाच्या पाळीवरची दोन खोल्यांची जागा, रेवताबाईच्या हातचा मासळीचा रस्सा, सफारीला आलेल्या पाहुण्यांचे अभिप्राय, आणि गावाच्या नावासकट फोटो. मासे धरून पोट भरणाऱ्या घरानं हे कसं उभं केलं, याचं त्यात कौतुक होतं.

ते कौतुक लाखनीला पोचलं. तिथे हायवेवर श्यामरावचं भोजनालय आहे. त्याचा मुलगा प्रफुल्ल आणि केवळरामची मुलगी नीतू यांचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दिवाळीनंतर झालं होतं. गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना दाखवता येईल म्हणून प्रफुल्लनं तो अंक फोनवर उतरवून घेतला. होणाऱ्या सासऱ्याचा फोटो दाखवून झाला, मग तो पुढची पानं चाळत राहिला. बऱ्याच पानांनंतर केवळराम नान्हे हे नाव पुन्हा दिसलं. तो मागे गेला आणि ‘गाव अ’मधल्या अनेकांच्या रक्तात जन्मजात दोष आढळल्याचा तो निबंध पहिल्यापासून वाचला. मग बापाला वाचून दाखवला.

रविवारी केवळरामचा फोन आला. “म्याडम, या. जे छापलं थे लोकायसमोर सांगा.”

ज्योत्सना भंडाऱ्याहून स्कूटरवर गेली. होमस्टेच्या अंगणात पाहुण्यांना जेवायला घालत तो गवताचा मांडव होता. त्याच्याखाली आज सगळी टोली, म्हणजे अख्खी वस्ती, जमली होती. पुढच्या खुर्च्यांवर श्यामराव, त्याची बायको शकुनबाई आणि प्रफुल्ल होते. नीतू घराच्या पायरीवर बसली होती, शेजारी तिच्या काकाची मुलगी रिता.

“बसा म्हननार नाही,” केवळराम म्हणाला. “बसाचं असन त बसा.”

ती उभी राहिली.

श्यामरावनं फोन पुढे धरला. “हे तुमीच लिवलं ना?”

“हो.”

“गाव अ म्हंजे कोनतं गाव?”

“ते मी सांगू शकत नाही.”

मांडवात हशा उठला. श्यामराव हसला नाही. “बाप्पा! अन् हे केवळराम नान्हे किती गावात राह्यते हो म्याडम?”

 आभाराची ती ओळ तिनं सगळ्यात शेवटी, घाईनं नव्हे, आठवून आठवून लिहिली होती. ज्यांच्याकडे आठवडाभर जेवलो त्यांचं नाव राहू नये, एवढाच विचार होता. नावं काढून टाकायची म्हणून तिनं पूर्ण निबंध तपासला होता. आभार म्हणजे निबंध नव्हे, असं तिनं धरलं होतं.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “त्यात काय आहे ते आधी सांगते. रक्ताच्या तांबड्या पेशींत एक विकर असतं, एन्झाइम म्हणतात ते. ते पेशीला सांभाळतं. काहींच्यात ते जन्मापासून कमी असतं आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. काम, जेवण, संसार, सगळं इतरांसारखंच होतं. मलेरियाची एक गोळी आणि मोजकी दुसरी औषधं घेतली तर मात्र पेशी फुटतात. लघवी काळी होते, माणूस पिवळा पडतो. म्हणून ज्याचं त्याला आधी माहीत असावं. हे सगळं काम त्यासाठी होतं.”

“बिमारी नाही म्हन्ते अन् काळी लघवी होते म्हन्ते,” शकुनबाई म्हणाली. “आमच्याकडं मच्छर नाही का? सून आनली, ताप आला, डाक्टरनं गोळी देली अन् खपली, त लोक काय म्हनतीन? सासूनं मारली म्हनतीन. केस आमच्यावर.”

“डॉक्टरांना आधी सांगितलं तर दुसरं औषध देतात.”

“म्हंजे सांगत फिराचं? माह्या सुनेच्या रक्तात खोट आहे म्हनून?”

“इवाईनबाई, जरा थांबा,” केवळराम म्हणाला.

“अजून इवाई नाही झालो,” श्यामराव म्हणाला.

 केवळराम ज्योत्सनाकडे वळला. “गोळ्या-बिळ्या राहू द्या. माह्या नीतूचं सांगा. तिच्यात आहे का नाही? एकच शब्द बोला अन् जा.”

ज्योत्सनाला माहीत होतं. नीतूमध्ये तो दोष नव्हता. नुसती विकराची मोजणी नव्हे, जनुकाची तपासणीही झाली होती आणि दोन्ही स्वच्छ होत्या. रेवताबाईकडून तो हेमराजकडे, नीतूच्या भावाकडे, आला होता. नीतूकडे आला नव्हता. “नाही” म्हटलं की इथल्या इथे नारळ फुटला असता.

पायरीवर रिता गुडघ्याला मिठी मारून बसली होती. तिचा निकाल वेगळा होता. तिच्यासाठीही पाहुणे येऊन जाऊ लागले होते. आज एकीचं सांगितलं तर पुढचा प्रश्न दुसरीला होता, आणि तिथे गप्प राहणं म्हणजे सांगितल्यासारखंच होतं. रिता तिथे नसती तरीही हा निकाल सांगायचा हक्क ज्योत्सनाचा नव्हता.

“मी कोणाचंच सांगणार नाही,” ती म्हणाली. “ज्याचं त्याला सांगितलंय.”

“म्हंजे आहे,” शकुनबाई म्हणाली.

“असं मी म्हटलेलं नाही.”

“नसतं त म्हनली असती.”

मांडवात कुजबुज सुरू झाली. रेवताबाई इतका वेळ खांबाला टेकून होती, ती पुढे आली. “माह्या चुलीवरचं खाल्लं तुमी. काटे काढून मासोळी वाढली. पाय मुरगळला त तेल चोळून देलं. तवा त लय गोड बोलत होत्या. आता एक शब्द निघत नाही तोंडातून?”

“रेवताबाई, मला सांगता येत नाही.”

“येत नाही का सांगाचं नाही?”

“सांगायचं नाही.”

“मंग तसं बोल ना, सटवे.”

कोणी हटकलं नाही. पाळीवर बसलेल्यांपैकी एकजण ओरडला, “म्याडमचंच रक्त पाहा रे आधी!” पुन्हा हशा झाला.

नीतू उठली. “मले इचारा ना. रक्त माहं होय.”

“तू त नाहीच म्हनशीन,” श्यामराव म्हणाला.

“मंग इतके लोक कायले जमा केले? माह्या बोलन्याले किंमत नाही, अन् म्याडम बोलत नाही.” ती पायरी उतरून खुर्च्यांसमोर आली. “ठीक आहे. सांगते. पन आधी यायचं पाहा.” तिनं प्रफुल्लकडे बोट केलं. “म्याडमच्या पिशवीत सुई आहे. इथंच टोचा. दोघाचं सोबत सांगू.”

“हो हो, पोराचंबी पाहा!” मागून आवाज आले. लोकांना ते आवडलं. आतापर्यंत खाली घातलेल्या माना वर झाल्या.

प्रफुल्लनं बापाकडे पाहिलं. मग हात थोडा पुढे केला, तळवा वर करून.

“हात घे मांगं,” श्यामराव म्हणाला. “पोराचं पाह्यते का कोनी?”

“मी इथे कोणाचंही रक्त घेणार नाही,” ज्योत्सना म्हणाली. “त्यांना हवं असेल तर त्यांनी एकट्यानं यावं. चार लोकांसमोर नाही.”

नीतू तिच्याकडे वळली. या एका क्षणासाठी तिनं सगळं मांडलं होतं, आणि ते कोणी मोडलं तर हिनं. “तुमी कोनाच्या बाजूनं आहात?”

“कोणाच्याच नाही.”

“दिसलं.”

ती पुन्हा प्रफुल्लकडे वळली. त्याचा हात आता खिशात होता. “तुमाले काय वाटते? तुमचे बाबूजी राहू द्या. तुमाले.”

“मी त फक्त वाचून दाखवलं,” प्रफुल्ल म्हणाला.

 साक्षगंधानंतर तो रोज फोन करायचा, भोजनालयात काय नवीन केलं ते सांगायचा. इथले झिंगे तिथे विकायचा त्याचा बेत होता. होमस्टेला हायवेवरून गिऱ्हाईक पाठवीन म्हणायचा.

“मंग मी सांगत नाही,” ती म्हणाली.

“नीतू!” केवळराम ओरडला. “सांगून टाक!”

“नाही सांगत, बाबा. कोनालेच नाही.”

श्यामराव उठला. खुर्ची मागे पडली ती त्यानं उचलली नाही. “चाला. झालं समाधान.”

“साक्षगंधाची साडी परत पाठवतो,” केवळराम म्हणाला. 

“राहू द्या,” शकुनबाई म्हणाली. “आमाले नोको इथली साडी.”

त्यांची गाडी पाळीवरून निघून गेली तसा लोकांचा राग ज्योत्सनाकडे वळला. टोलीत आता कोण पोरगी मागायला येणार, सफारीवाले तरी जेवायला येतील का, हे तिला एकेकानं विचारलं.  ती स्कूटरकडे चालू लागली. नीतू मागून आली.

“नीतू, तू सांगितलं असतंस तर मी अडवणार नव्हते.”

“माहीत आहे. मंग रिताले इचारलं असतं. तुमालेच कळते का सारं?” नीतू हसली नाही. “तुमच्यासाठी चूप नाही राह्यली मी. असं समजू नोका.”

“नाही समजत.”

“रक्त घेताना सही घेतली तवा तुमी वाचून दाखवलं होतं, केव्हाबी माघार घेता येते, कारन सांगा लागत नाही.”

“हो.”

“आता घेते.”

ज्योत्सनानं मान हलवली. “आभाराची ओळ काढायला मी संपादकांना लिहिलंय.”

“लाखनीच्या साऱ्या फोनातून निघन का थे?”

“नाही.”

“मंग काय परत देता?”

“तुझा नमुना नष्ट करता येतो. पुढच्या अभ्यासात तुझी माहिती वापरली जाणार नाही.”

“माह्या डोळ्यासमोर करा, म्याडम,” नीतू म्हणाली आणि परत फिरली.

गुरुवारी दुपारी कॉलेजसमोर होमस्टेची जीप थांबली. पाहुण्यांना जंगलात न्यायची ती गाडी माणसांनी भरली होती. इश्वर खिडकीतून पाहून आत आला. “म्याडम, बरातच आली.”

टोलीतल्या बहुतेकांनी माघार घेतली होती. गरोदर बायांची तपासणी पुढच्या वर्षी व्हायची होती, ती आता होणार नाही हे ज्योत्सनाला त्यांची रांग पाहूनच कळलं. तिनं एकेकाचं नाव विचारलं, क्रमांक जुळवला, शीतकपाटातून नळी काढली. नळी करंगळीच्या पेराएवढी होती. नीतूनं आपली नळी उजेडात धरली.

“हे माहंच कशावरून?”

ज्योत्सनानं क्रमांक दाखवला. नीतूनं तो घरून आणलेल्या चिठ्ठीशी ताडून पाहिला, एकदा, परत एकदा. मग नळी स्वतःच्या हातानं पिवळ्या पिशवीत टाकली. रितानं तिची न पाहताच टाकली. रेवताबाईनं टाकली. इश्वरनं पिशवी नमुने नष्ट करायच्या यंत्रात ठेवून झाकण आवळलं.

“आता हेमराजची काढा,” रेवताबाई म्हणाली.

“हेमराज आलेले नाहीत.”

“थो तलावावर आहे. मी माय होय त्याची.”

“तरी. त्यांनी स्वतः म्हणायला हवं.”

“तुमीच त छापलं, मायकडून येते म्हनून.” रेवताबाईचा आवाज चढला. “मंग थे माहंच होय. माहं मले द्या.”

इश्वरनं ज्योत्सनाकडे पाहिलं. दाराशी उभी असलेली माणसं आत सरकली.

“नाही देता येणार,” ज्योत्सना म्हणाली.

“सोड, माय,” नीतू म्हणाली. “तवा तोंडातून नाही निघालं, आता हातातून निघन का?”

रेवताबाईनं कमरेच्या पिशवीतून फोन काढला. “हेमराज? जाळं राहू दे तिथंच. भंडाऱ्याले ये. आता म्हंजे आत्ताच. ही बाई तुह्याबिगर देऊन नाही राह्यली.” पलीकडून काही विचारलं गेलं. “मले काय माहीत, कायदा होय म्हन्ते.”

ती बाकावर बसली. नीतू तिच्याशेजारी बसली. बाकीचे भिंतीला टेकून उभे राहिले. बोडीटोलीहून यायला तास-दीड तास सहज लागतो. ज्योत्सनानं शीतकपाटाचं दार लावलं, एक स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली.