दुसरा डाव

आमच्या ओकी बेटावर सुमोची कुस्ती एकदा होऊन संपत नाही. तीच जोडी लगेच दुसऱ्यांदा लागते, आणि पहिला डाव जिंकणारा दुसरा हरतो. मुद्दाम हरतो, आणि बघणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक असतं. बेट एवढंसं. उद्या हरलेल्याच्या दारावरूनच बंदरावर जायचं असतं.

मासेमारी सुटल्यावर मी शाळेमागच्या मैदानात मुलांना शिकवू लागलो. कुणालाच नाही म्हटलं नाही. ऐकू न येणारी एक पोरगी आली, शाळेत जायला भिणारा एक आला, जाडे म्हणून चिडवलेले तर आलेच. मुलीनं रिंगणात पाय ठेवू नये, असं गावातले म्हातारे कुरकुरले, तेव्हा मी जमिनीवर जाड दोर गोल मांडला. म्हटलं, याची पूजा केलेली नाही, यात देव नाही, नुसता बोटीचा दोर आहे. मग गप्प बसले.

सेइगो त्यातलाच. अंगानं बैल, बुद्धीनं मागे. एखादी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरायला महिने लागत, पण शिरली की निघत नसे. त्याची आई चिगुसा मासळी साफ करायच्या शेडमधून संध्याकाळी त्याला न्यायला यायची. म्हणायची, "वस्ताद, घरी स्वतःचं ताट उचलत नाही हा, आणि इथं लोकांची पोरं उचलतो."

त्या वर्षी शाळेतला त्याच्यासारख्या मुलांचा वर्ग बंद व्हायचा होता. वर्गात तो एकटाच उरला होता. पुढे काय, तर लांब डोंगरात अशा मुलांचं एक वसतिगृह. तिथून घरी यायचं ते नव्या वर्षाला आणि पितरांच्या सणाला, तेही सोडलं तर. चिगुसाचा बाप अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे तिला बेट सोडून जाता येत नव्हतं. मग मी पलीकडच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेचे कुस्तीचे मास्तर, कुरामोची, यांना गाठलं. ती शाळा बंदरालाच लागून होती. मुलं तिथेच राहत, आणि शनिवारच्या बोटीनं घरी येता येई. मास्तर म्हणाले, एक जागा आहे. जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिला आला तर घेतो, मग त्याला वाचता येवो न येवो.

स्पर्धेत सेइगोपुढे कुणी टिकेना. गटातल्या शेवटच्या कुस्तीत मात्सुए शहरातला एक उंच पोरगा होता. सेइगोनं त्याला पाडलं, हात देऊन उठवलं, त्याच्या पाठीवरची माती झटकली आणि दुसऱ्या डावासाठी परत आपल्या सुरुवातीच्या रेघेवर जाऊन उभा राहिला. पंचानं दोनदा खूण केली तरी हलेना. लोक हसले. मीही हसलो. शेवटी मीच त्याला हाताला धरून रिंगणाच्या मातीच्या ओट्यावरून खाली आणलं.

गटातून दोघं पुढे जात. मग बाकीच्या कुस्त्या झाल्या आणि अंतिम जोडीची नावं पुकारली. सेइगो, आणि समोर तोच उंच पोरगा.

मी त्याच्याजवळ गेलो. "सेइगो, याही वेळी पाडायचं. इथं दुसरा डाव नसतो."

"आहे की, वस्ताद. हा दुसराच आहे."

"ही नवी कुस्ती आहे. पहिलीच समज."

"पण पोरगा तोच आहे," तो म्हणाला. "मी पाडलंय त्याला."

मी त्याला शनिवारची बोट सांगितली, आईचं नाव घेतलं. चोरी करायला सांगितल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

कुस्ती लागली. सेइगोनं त्याला अंगावर घेतलं, लंगोट धरला आणि जोर लावत लावत एकेक पाऊल मागे सरकला. समोरच्याला आपण जिंकतोय असंच वाटलं असेल. हरायचं तर असं, की जिंकणाऱ्याला लाज वाटू नये. हेही मीच शिकवलेलं. काठावर आल्यावर त्यानं टाच रिंगणाबाहेर टेकवली. बाहेर पाय टेकला की हार. खाली येताना त्याचा चेहरा उजळलेला होता.

मी कुरामोची मास्तरांना आमच्या बेटाची रीत समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं. "रीत चांगली आहे, आजोबा. पण आमच्याकडे एकच डाव असतो," म्हणाले आणि वाकून निघून गेले.

परतीच्या बोटीत चिगुसानं लेकाला भाताचा गोळा दिला. तो खात असताना मला हळूच म्हणाली, "वस्ताद, त्याला काही बोलू नका. त्याला वाटतंय, आपण चांगलं केलं." थोड्या वेळानं म्हणाली, "केलंही चांगलंच."

एप्रिलमध्ये वसतिगृहाचा माणूस त्याला न्यायला आला. आम्ही बंदरावर उभे होतो. सेइगोनं त्या माणसाकडे नीट पाहिलं आणि मला विचारलं, "वस्ताद, हे जिंकले ना?"

"हो."

"मग आता दुसऱ्या डावात मी."

मी मान डोलावली. बोट सुटली तशा निरोपाच्या कागदी फिती, एक टोक त्याच्या हातात आणि दुसरं आमच्या, ताणल्या आणि तुटल्या.

पितरांच्या सणाला त्याला सोडलं नाही. जागेची सवय मोडेल म्हणाले. ऐकू न येणारी पोरगी आईबापांबरोबर ओसाकाला गेली. बाकीची मुलं यायची थांबली, आणि दोर मी गुंडाळून ठेवला. चिगुसाला फोनवर मुलाशी बोलू देतात. परवा तिनं विचारलं, काय करतोस रे.

म्हणाला, रेघेवर उभा आहे.