मडक्यातलं मूल

मडकं तुम्ही कस्टमवाल्यांनी देशात येऊ दिलंत. पेटी उघडलीत, वरवर नजर टाकलीत, 'जुनं भांडं, शोभेचं' म्हणून शिक्का हाणलात आणि सोडलंत. आतल्या मातीत बोट घालायला तुम्हाला सवड नव्हती. आता हात झटकू नका.

इथे आखातात, अमवाज आयलंड्सवर राहणाऱ्या जयप्रकाशला जुन्या भांड्यांचा नाद. बँकेतली नोकरी पोटापुरती, जीव सगळा काचेच्या कपाटात. थायलंडमधल्या बान चिआंगची ती मडकी. काळपट अंगावर कोरलेली वेटोळी, हजारो वर्षांपूर्वी मेलेल्यांबरोबर पुरलेली. थडगी उकरून कोणीतरी ती काढतो आणि हौशी लोक दिवाणखान्यात मांडतात. चोरीचा माल म्हटलं की जयप्रकाश चिडायचा. "संग्रह म्हण," असं बायकोला सांगायचा.

बायको स्मिता, पुण्याची. नवं मडकं घरात आलं की आधी पाण्यात बुडवून ठेवायचं, हे आईने लावलेलं वळण. हे तर मातीने गच्च भरलेलं. नवरा बँकेत गेल्यावर तिने ते सरळ बाथटबमध्ये बुडवलं.

संध्याकाळी जयप्रकाशने बाथरूममधूनच बोंब ठोकली. "अगं, माठ वाटला का तुला हा? विरघळला असता म्हणजे?"

"माठच की. वाळा टाकून देऊ?"

मडकं शाबूत होतं. आतली माती मात्र सुटून खाली बसली होती आणि मातीत हाडं होती. बारीक, चिमणीची वाटावीत अशी. मग कवटीचा तुकडा हाताला लागला, तेव्हा चिमणी राहिली बाजूला. त्या मुलखात तान्ही मुलं मडक्यात घालून पुरत.

जयप्रकाशने हात पुसले. मग ज्याला ते मडकं द्यायचं ठरलं होतं त्या गिऱ्हाइकाला त्याने फोन लावला आणि खुशीत परत आला. "हाडांसकट म्हटल्यावर तो उडालाच. असं मिळतच नाही म्हणाला. वाळव आणि भर परत आत."

"लोणचं आहे का ते?"

"स्मिता, हजारो वर्षं झाली. त्याच्यामागे रडायला कोण बसलंय?"

लेकीचं, पूर्णिमाचं, जुनं दुपटं स्मिताने काढलं आणि एकेक हाड त्यात ठेवलं. आपल्याकडेही तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. ते तिला कोणी शिकवावं लागलं नाही.

सकाळी ती दुपटं घेऊन शहरातल्या झिंज भागात मुनीराकडे गेली. मुनीरा रत्नागिरीची, पूर्वीची शेजारीण. तिने दुपट्यात डोकावून पाहिलं आणि डोक्यावर पदर ओढला.

"तुमच्या कब्रस्तानात जागा मिळेल?"

"अगो बाय, मयताचा कागद मागतील तिथं. आणि धरम कंचा सांगशील ह्याचा? जिथनं काढलंन तिथंच धाड. ह्याची माती तिकडं हाय."

म्हणून दोघी तुमच्या कस्टम ऑफिसच्या दारात आल्या.

खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, मडकं परत पाठवता येईल, हाडं नाही. माणूस परदेशी पाठवायचा तर मृत्यूचा दाखला हवा, पासपोर्ट हवा.

"पासपोर्ट?" मुनीरा म्हणाली. "आलं तवा मागितलात काय?"

मग आतल्या साहेबांनी चष्मा काढून शांतपणे समजावलं. आमच्याकडे फक्त भांडं आल्याची नोंद आहे. म्हणजे हाडं आलीच नाहीत. खलास.

"मग हे काय आहे?" स्मिताने दुपटं टेबलावर उलगडलं.

साहेबांनी चहाचा कप लांब सरकवला. "मॅडम, घरी न्या."

घरी गिऱ्हाईक यायचं होतं. जयप्रकाशचे फोनवर फोन येत होते. घरी नेलं की पोर पुन्हा मडक्यात, मडकं कुणाच्या तरी कपाटात, वरून छोटा दिवा. आणि पाहुण्यांनी सरबत पीत वाकून बघायचं. तिने फोन बंद केला. दुपट्याची टोकं पुन्हा नीट आत दुमडली, खुर्ची ओढली आणि बसली. मुनीराही बसली, पर्स मांडीवर घेऊन.

"भांडं होतं तोवर तुम्हाला चाललं," स्मिता म्हणाली. "माणूस निघालं तर म्हणता आलंच नाही. ह्याला त्याच्या गावी पोचवायचं काम कोणाचं? तुमचं नसेल तर ज्याचं असेल त्याचं नाव सांगा. आम्ही बसलोय."