बापलेकीचं ताट

“लेकीच्या ताटाकडे डोळ्यांत तेल घालून बघतेस ना, तशी एकदा त्याच्याही ताटाकडे बघ,” सासूबाई म्हणाल्या आणि मी चक्क हसले. कुठल्या आईला आपला मुलगा वाळलेला दिसत नाही? लग्नात त्याच्या कोटाचं बटण लागेना म्हणून शिंपी घामाघूम झाला होता, तेव्हाही ही माउली कोपऱ्यातून म्हणत होती, “किती सुकलाय गं माझा पोरगा!” मग त्यांचं बोलणं मी कशाला मनावर घेऊ?

शिवाय बघायला माझ्याकडे लेक होती. दिवस भरायच्या आधीच आली ती. तिच्या पाठीवर, खांद्यांवर बारीक मऊ लव होती, कोवळ्या भेंडीवर असते तशी. ती जाईल, असं डॉक्टर म्हणाले आणि गेलीही. वजन मात्र वाढता वाढेना. स्वयंपाकघरात मी तिच्यासाठी छोटा वजनकाटा आणून ठेवला. वाटीत काय गेलं आणि किती परत आलं, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नसे. घास गालात दाबून ठेवायचा, चमच्याने पसरून वाटी रिकामी दाखवायची, पाणी पिऊन पोट भरल्याचं नाटक करायचं, या तिच्या सगळ्या युक्त्या मला पाठ होत्या.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. केसाएवढा फरक त्याला खपत नाही. रविवारी सायकलच्या शर्यती, त्याही हौशी लोकांच्या. बक्षीस म्हणजे एक कप आणि चार टाळ्या. चढावर सायकली जिथे मंदावतात तिथे घरची माणसं बाटल्या आणि खाऊ घेऊन उभी राहतात. मीही राहायचे, कडेवर लेक, हातात बाटली. प्रत्येक फेरीला तो मला क्षणभर दिसायचा आणि बाटली ओढून पुढे जायचा.

यंदाच्या पहिल्याच शर्यतीत तो चढावर असा मागे पडला की आयोजक शेवटच्या रेषेवरची कमान उतरवायला लागले तेव्हा पोचला. क्लबमधला पोस्टमन तिथे सँडविच खात बसला होता. हा पोस्टमन म्हणजे गोल चेहरा, मोठं पोट, तोंडाला कुलूप नाही. सपाटीवर वाऱ्यासारखा, चढावर बैलगाडी.

“काय रे,” तो म्हणाला, “मागे कॅरिअर बसवून घे की. पोट त्याच्यावर ठेव, वरून दोरी मार.”

“तू आधी स्वतःचं पार्सल पोचव,” नवरा म्हणाला. सगळे हसले. नवराही हसला. घरी येताना मात्र गाडीत तो पोटाची वळी चिमटीत धरून बघत होता.

दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर लेकीच्या वाटीशेजारी त्याचा भात दिसला. म्हटलं, माणूस मनावर घेतोय, चांगलंच आहे. आणि त्याच आठवड्यात आमच्या घरी जादू झाली. त्याने लेकीला मांडीवर घेतलं, म्हणाला, “आजपासून हिला मी भरवणार, माझ्याच ताटातून.” माझ्या हातून चार घास न घेणारी पोर बापाच्या ताटातलं गपागपा खायला लागली! एक घास चिऊचा, एक घास काऊचा, एक घास बाबाचा. ताट लख्ख होऊन परत यायचं. मी दारात उभी राहून बघायचे आणि माझे डोळे भरून यायचे. लेकीच्या गालांवर गोलाई आली. मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. फक्त सासूबाईंचं उत्तर आलं नाही.

शर्यतींमध्येही दिवस पालटले. आधी तो चढावर घोळक्याबरोबर राहिला, मग घोळक्याच्या पुढे. एकदा चौथा, एकदा दुसरा. त्याच्या खिशात मी केळं आणि ब्रेड-अंडं भरून द्यायचे आणि खिसे रिकामे परत यायचे. पोस्टमन एकदा शर्यतीनंतर म्हणाला, “वहिनी, तुमच्या हातचं सँडविच म्हणजे काय सांगू! तुमचा नवरा फार दिलदार हो, स्वतःच्या तोंडचा घास देतो.” मी खूश होऊन पुढच्या वेळी एक जास्तीचं दिलं.

मग डोंगरावरची मोठी शर्यत तो जिंकला. एकटा, कुणीही मागे दिसत नव्हतं. चढाच्या विजेत्याची लाल जर्सी त्याच्या अंगात घातली तेव्हा ती खांद्यावरून ओघळत होती. “मोठ्या मापाची दिली वाटतं,” मी म्हणाले. पोस्टमनने त्याला मिठी मारली.

“बाबा रे, काय खातोस ते सांगून टाक एकदाचं.”

“काय खात नाही ते विचार,” नवरा म्हणाला.

मला तो विनोद वाटला. पोस्टमन हसला नाही. त्याने विचारलं आणि नवऱ्याने त्याला बाजूला नेऊन बराच वेळ सांगितलं.

त्यानंतर मला गोष्टी दिसायला लागल्या, पण एकेकट्या. ऐन उन्हाळ्यात तो स्वेटर घालून बसायचा. खुर्चीवर उशी घ्यायचा, हाडं टोचतात म्हणून. पाठीला मलम लावताना बोटांखाली काहीतरी मऊ लागलं. बारीक लव. वाटलं, पुरुषांना येत असेल. लेकीला उचलून घ्यायला सांगितलं की म्हणायचा, “खेळू दे ना तिला खाली.” पुढच्या शर्यतीत तो अर्ध्यातच मागे पडला. माझ्या हातातली बाटली त्याने धरली आणि ती सुटून रस्त्यावर घरंगळत गेली. शेवटी तो कडेच्या दगडावर बसलेला सापडला. “जिंकल्यावर जरा सैल सोडलं मी स्वतःला,” म्हणाला. “वजन चढलंय.”

त्याच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं.

उलगडा केला तो लेकीने. दुपारी ती अस्वलाला मांडीवर घेऊन भातुकली खेळत होती. चमचा अस्वलाच्या तोंडाला, “घे.” पुन्हा अस्वलाच्या तोंडाला, “घे.” मग चमचा स्वतःच्या ओठांपर्यंत नेला, तोंड घट्ट मिटलं, मान मागे टाकून “अम्म्म!” केलं आणि तो चमचा फिरवून पुन्हा अस्वलाला दिला. “बाबा जेवला,” ती मला म्हणाली आणि टाळ्या वाजवल्या.

ती सगळी लख्ख ताटं माझ्या डोळ्यांपुढून गेली.

संध्याकाळी तो दुकानातून आला. मी लेकीला आधी जेवू घालून झोपवलं होतं. त्याच्यापुढे एकट्याचं ताट ठेवलं. भात, दोन उकडलेले बटाटे, अंडं.

“पिल्लू कुठंय?”

“झोपलं. तू जेव.”

“ती उठली की जेवू.”

“ती जेवली. आता तू जेव. मी समोर बसलेय.”

त्याने बटाटा कुस्करला. मग आणखी कुस्करला. चमच्याने ताटभर पसरला, अगदी लेक करायची तसा.

“अरे, या युक्त्या मला शिकवतोस? रोज बघते मी.”

“ती खातेय ना? वजन वाढलं ना तिचं?” त्याचा आवाज फाटला. “मग तुला काय हवंय आणखी?”

“तू हवायस.”

तो रडायला लागला. रडत रडत दोन घास खाल्ले आणि म्हणाला, “मला नाही जात गं. जिंकल्याच्या दिवसापासून नाहीच जात.” एवढी एक शर्यत संपू दे, मग डॉक्टरकडे जाऊ, असं कबूल केलं. मी मानलं. दुसरं काय करणार होते?

ती शर्यत झालीच नाही. सरावाहून तो घरी आला, अंगणात सायकल थांबवली, पायरीवर एक पाय टेकवला. ना धक्का, ना धडक. गाजर मोडावं तसा आवाज आला आणि तो खाली बसला. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं.

डॉक्टरबाईंनी हाडाचा फोटो उजेडात धरला. “वय काय म्हणालात यांचं?” मी सांगितलं. त्यांनी कागदावरचं नाव पुन्हा तपासलं. मग त्याला कुशीवर वळवलं, पाठीवरून हात फिरवला. “ही लव कधीपासून आहे? उपाशी शरीरावर ऊब धरायला उगवते ही.” नाडी मोजली. झोपेत त्याचं हृदय फार सावकाश चालतं याचा आम्हा दोघांना केवढा अभिमान होता! बाई म्हणाल्या, “हा दम नाही, उपाशी शरीराची काटकसर आहे. यावेळी हाड गेलं. असंच चाललं तर पुढच्या वेळी हृदय जाईल. तेव्हा पायरी चढायचीही गरज पडणार नाही.”

हाडात सळई घातली. घरी आणलं. सासूबाई राहायला आल्या. “मी म्हटलं होतं,” हे त्यांनी एकदाही म्हटलं नाही. त्यापेक्षा म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या त्याच्यासमोर पाट टाकून बसतात आणि शेजारणीच्या मांजरीच्या गोष्टी सांगतात, म्हणजे त्याचं लक्ष ताटावर राहू नये. तो डोळे मिटून गिळतो. एखाद्या दिवशी पूर्ण बटाटा जातो आणि आम्ही दोघी मोरीत जाऊन रडून घेतो. एखाद्या दिवशी उशीखाली ब्रेडचा तुकडा सापडतो. लेक मांडीवर यायला झोंबते. तो जेवतो तेवढा वेळ आम्ही येऊ देत नाही. तिचंही खाणं पुन्हा कमी झालंय. वजनकाटा मी कपाटावर ठेवला आहे, पण नवरा त्याच्याकडे बघताना दिसतो.

परवा हंगामातली शेवटची शर्यत होती. लाल जर्सी नव्या विजेत्याला द्यायची असते, म्हणून मी ती घेऊन गेले. चढावर नेहमीच्या जागी उभी राहिले. सवयीने बाटलीही भरून नेली होती. घोळक्याच्या कितीतरी पुढे एकटाच कुणीतरी आला. ओळखायला मला वेळ लागला. पोस्टमन होता.

“घ्या हो!” मी बाटली पुढे केली. त्याने मान हलवली. एरवी दर फेरीला “वहिनी, माझ्यासाठीही धरा” म्हणणारा तो माणूस एक अक्षर न बोलता वर गेला.

जिंकला तोच, आणि जर्सी मीच त्याच्या हातात दिली. हात बर्फासारखा. ती अंगात घातल्यावर खांद्यावरून ओघळली. उन्हात त्याच्या मानेवर, कानाखाली, बारीक लव चमकत होती.

“पोस्टमनभाऊ, जेवता का हो नीट?”

“मी काय कुक्कुबाळ आहे, वहिनी?” तो ओठांनी हसला. “तुमच्या नवऱ्याने सांगितलं तसंच करतो. लागू पडलं बघा.”

मी त्याला घरी चला म्हटलं, माझ्या नवऱ्याची अवस्था बघा म्हटलं. तो “येतो” म्हणाला. आला नाही. फोन केला तर उचलत नाही. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मग म्हणाला, “त्याच्या घरी कुणी नाही गं. एकटा राहतो.” आणि त्या रात्री न सांगता अर्धी वाटी भात खाल्ला.

आमच्याकडे निदान सासूबाई होत्या, मी ऐकलं नाही ती गोष्ट वेगळी. त्याच्या ताटाकडे बघायला कुणीच नाही. म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या दारात पत्रं टाकायला सायकलवर जो येतो, तो पूर्वी फार बोलायचा आणि आता बोलत नसेल, गणवेश ढगळ झाला असेल, उन्हातही बाह्या खाली ओढत असेल, तर त्याला दारातून परत पाठवू नका. आत बोलवा. पुढ्यात काहीतरी ठेवा आणि तुम्हीही समोर बसून खा. “नंतर खातो” म्हणून खिशात टाकायला लागला तर टाकू देऊ नका. घास गिळेपर्यंत बघा.