कुरजांच्या मागच्या तारा

फोटोतून विजेची तार काढायला मला चार मिनिटं लागतात. खांब असेल तर दहा, आणि खांबापुढून पंख गेला असेल तर मधे एक चहा होतो. लोकांना वाटतं, हल्ली बटण दाबलं की तार जाते. जाते ना! तारेबरोबर तीन पिसंही जातात आणि एकाच ढगाचे चार ढग होतात. माझ्याकडे असलं काम होत नाही. मी एकेका पिसाची कड राखतो, तारेच्या जागी त्याच आभाळाचा तुकडा बसवतो आणि शेजारी जेवढी धूळ असेल तेवढीच त्याच्यावर टाकतो. आमच्या मारवाडात आभाळ धुतल्यासारखं दिसलं, की जाणकार लगेच ओळखतो की इथे कुणीतरी हात फिरवलाय.

लूणासरला दर हिवाळ्यात हजारोंनी कुरजा, म्हणजे लहान करकोचे, येतात. इथल्या जैन सेठ लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना ज्वारी घातली, म्हणून येतात. गावाबाहेर त्यांच्यासाठी कुंपण घातलेलं मोठं अंगण आहे, त्याला चुग्गाघर म्हणतात. सकाळी पलीकडच्या तळ्यावरून तिथे उतरायचं, पोटभर खायचं आणि परत तळ्यावर जायचं, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. चुग्गाघर आणि तळं यांच्या बरोबर मधून विजेची मोठी लाईन गेली आहे.

कुरजांच्या मागोमाग फोटोवाले येतात. कोलकात्याचे, बंगळुरूचे, गोरेसुद्धा. तक्रार सगळ्यांची एकच : "देवजी, पक्षी झकास आलाय, पण मागे काय हा कचरा!" कचरा म्हणजे तारा, मोबाईलचा टॉवर, पाण्याची टाकी आणि एका ढाब्याचं निळं पत्र्याचं छप्पर. ते जेवून येईपर्यंत मी, देवकिशन छंगाणी, बाजारातल्या माझ्या स्टुडिओत बसून कचरा साफ करून ठेवतो. माझे स्वतःचे फोटोही तसेच. नऊ वर्षं चुग्गाघर ट्रस्टचं कॅलेंडर माझ्या फोटोंवर निघतंय आणि त्यात आमचं गाव असं दिसतं, की इथे वीज अजून यायचीच आहे. मला त्याचा अभिमान होता. उगाच कशाला लपवू?

त्या जानेवारीत एका सकाळी झमकूबाई दुकानात आली आणि तिने काउंटरवर गोणी ठेवली. झमकूबाई चुग्गाघर झाडते. साठीची, अंगाने काटकुळी, जिभेने तिखट. झाडून झालं की ज्वारी पसरते. धुकं असेल त्या दिवशी तेलाचा रिकामा डबा घेऊन लाईनीखाली उभी राहते आणि बडव बडव बडवते. आवाजाने कुरजा उंच उठतात, तारेला लागत नाहीत. तरी काही लागतातच. मग गोणी घेऊन उचलायलाही तीच जाते.

"महाराज, हिचा फोटू काढा," ती म्हणाली.

गोणीतून लांब मान बाहेर लोंबत होती. मी म्हणालो, "काढतो. आधी ती काउंटरवरून खाली ठेव."

"का? जिवंत होती तेव्हा भिंतीवर टांगली होतीत ना?"

"झमकूबाई, गिऱ्हाईक येतं इथे."

"येऊ दे की. ते हिच्यासाठीच येतं." तिने गोणी हलवली नाही. "या हिवाळ्यातली ही एकतिसावी. ट्रस्टच्या सेठजींनी वरती अर्ज केलाय, तार जमिनीखालून न्या म्हणून. त्याला जोडायला पाहिजे."

मी फोटो काढला. त्यात विशेष काही नव्हतं, गोणीवर पडलेला पक्षी.

आठवड्याने ट्रस्टचे अध्यक्ष केसरीमलजी स्वतः दुकानात आले. ऐंशीच्या घरातला माणूस, धोतर पांढरंशुभ्र, सूर्य मावळला की पाण्याखेरीज काही घेत नाहीत. म्हणाले, "देवकिशन, उद्या एसडीएम मॅडमपुढे सुनावणी आहे. वीजवाले म्हणतात, कुरजा लाईनीच्या आसपास जातच नाहीत, त्यांना कुत्री मारतात. तुझ्याकडे नऊ वर्षांचे फोटो आहेत. तारांमधून जाणाऱ्या कुरजांचे चारपाच घेऊन ये."

"आणतो की सेठजी, त्यात काय," मी म्हणालो. ते गेले आणि मी कॉम्प्युटरसमोर बसलो. फोटो हजारो होते. तार एकातही नव्हती. डिस्क भरते म्हणून साफ केलेला फोटो ठेवायचा आणि मूळ पुसून टाकायचा, ही माझी पद्धत. दोनतीन बाहेरच्या फोटोवाल्यांना फोन लावले. एकाने उचलला. मीच साफ केलेल्या त्याच्या फोटोला बक्षीस मिळालं होतं, फोटोत काही बदल केलेला नाही असं लिहून देऊन. तो म्हणाला, "देवजी, माझं नाव कुठे घेऊ नका हं." आणि फोन ठेवला.

सकाळी जाऊन नवे काढता आले असते. पण सुनावणी दहाला, तालुक्याचं गाव दीड तासावर, आणि खरं सांगायचं तर मला माझ्या हाताचा माज होता. दुपारी जाऊन नुसत्या लाईनीचे फोटो काढून आणले आणि संध्याकाळपर्यंत पाच जुन्या फोटोंत तारा परत बसवल्या. तारा काढण्यापेक्षा बसवणं अवघड निघालं, पण काम फर्मास झालं. मनाला म्हटलं, यात खोटं काय? तार तिथे होतीच. मीच काढली होती, मीच जागेवर ठेवली.

सुनावणीत एसडीएम मॅडमनी पाचही फोटो नीट पाहिले. मान हलवली. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात वीजखात्याचे अभियंता माथुर उठले आणि त्यांनी पिशवीतून आमचंच कॅलेंडर काढून फेब्रुवारीचं पान उघडलं.

"मॅडम, हीच कुरज. डावा पंख असाच मुडपलेला, पायही असेच. इथे तार कुठे आहे?"

मॅडमनी दोन्ही शेजारी ठेवले. बराच वेळ पाहिलं. "छंगाणीजी, यातला खरा कोणता?"

सेठजी माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "दोन्ही मीच केलेत, मॅडम. आधी तार काढली, काल परत घातली."

"आणि मूळ फोटो?"

"पुसला."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. माथुरांना हसायचीही गरज पडली नाही. मॅडम चिडल्या नाहीत, हेच वाईट झालं. शांतपणे म्हणाल्या, "पंधरा दिवस देते. कॅमेऱ्यातलं कार्ड हवं, जसंच्या तसं. पटवारी सोबत राहील. फोटो निघाला की कार्ड पाकिटात, पाकिटावर त्याची सही. आणि नुसता उडणारा पक्षी नको. तारेला लागून मरतो म्हणता ना, ते दाखवा. नाहीतर अर्ज निकाली काढते."

परतताना जीपमध्ये मी सेठजींना म्हणालो, "झमकूबाई डबा वाजवते तोवर तारेला लागणं कमी होतं. पंधरा दिवस तिने वाजवला नाही तर..."

मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघून चालणारा माणूस तो. त्यांनी डोळे मिटून घेतले. "देवकिशन, हे मला विचारू नकोस. हो म्हटलं तरी पाप, नाही म्हटलं तरी पाप." गाव येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीचा लावला.

झमकूबाईला मी चुग्गाघरात गाठलं. तिने झाडू न थांबवता सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे एक मेली की शंभर वाचतील, असं?"

"असंच."

"मग ती एक कोण, ते तुम्ही ठरवा. तुम्हाला निवडायची सवय आहे." तिने डबा उचलून खोलीत ठेवला आणि दाराला कडी घातली. "तुमच्या तारा तुम्ही लपवल्यात महाराज, आणि गप्प मी बसायचं. वा!"



दुसऱ्या दिवसापासून मी आणि पटवारी हणूताराम पहाटे लाईनीपासून चाळीस पावलांवर बसू लागलो. तो घोंगडी पांघरून मिरचीवडा खायचा, मी कॅमेरा तारांवर लावून बसायचो. आठ दिवस आभाळ स्वच्छ. कुरजा तारांच्या दोन पुरुष वरून आरामात जायच्या आणि मी चिडायचो. रोज उठल्यावर आधी खिडकीतून धुकं पडलंय का ते बघायचो. आयुष्यभर जे उजेडासाठी देवाला विनवलं, ते आता धुक्यासाठी विनवत होतो, आणि कशासाठी ते मला चांगलं ठाऊक होतं.

नवव्या दिवशी धुकं पडलं. खांब दिसत होते, तारा जेमतेम. तळ्याकडून कुर्र कुर्र आवाज जवळ आला आणि धुक्यातून सातआठ कुरजा बाहेर पडल्या, खालून, तारांच्याच उंचीवर. पुढच्या उठल्या. शेवटची उशिरा उठली. मी तिला फ्रेममध्ये धरलं आणि बटण दाबून ठेवलं. तेवढ्यात डाव्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि माझ्या मनात पहिला विचार आला, छे, मागे कचरा आला.

निळी ठिणगी उडाली. कुरज खाली आली.

"मिळाला!" मी ओरडलो. अक्षरशः उडी मारली. हणूतारामच्या हातातला वडा मातीत पडला.

मग मी पडद्यावर पाहिलं. चौदा फ्रेम होत्या, सगळ्या स्वच्छ. तार, पंख, ठिणगी, सगळं सुईच्या टोकासारखं. आणि चौदाही फ्रेममध्ये झमकूबाई होती. डोक्यावरची ओढणी खांद्यावर पडलेली, दोन्ही हात वर, तोंड उघडं, लाईनीकडे धावत येणारी. डबा नव्हता, म्हणून नुसत्या हातांनी हाकलत होती.

मान वर केली तर ती खाली बसून कुरज गोणीत घालत होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. हणूतारामने हात पुढे केला, "द्या कार्ड." मी कार्ड थोडा वेळ मुठीत धरून ठेवलं. ती फोटोत नसती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. लाज वाटली म्हणून वाटलं. चार मिनिटांचं काम होतं. पण पटवारी पाकीट उघडून उभा होता, आणि नसता तरी आता माझा हात चालला असता की नाही, सांगता येत नाही.

दुसऱ्या सुनावणीत पाकीट सगळ्यांसमोर फोडलं. मॅडमनी एकेक फ्रेम पुढे सरकवली. ठिणगीची फ्रेम आली तेव्हा माथुरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मॅडम पुन्हा मागे गेल्या, पहिल्या फ्रेमवर.

"ही बाई कोण?"

"झमकूबाई. चुग्गाघर झाडते."

"काय करतेय?"

"कुरजांना तारेपासून हाकलतेय."

"आणि तुम्ही?"

"मी फोटो काढत होतो, मॅडम."

मॅडमनी पेन उचललं. आदेश तिथेच लिहिला : सप्टेंबरात कुरजा परतायच्या आत दीड किलोमीटर लाईन जमिनीखाली न्यावी. सेठजींनी उभं राहून हात जोडले, त्यांचे डोळे भरले होते. सगळे मला म्हणाले, देवजी, तुमच्या फोटोमुळे झालं.

झालं, हे खरं. त्या फोटोंची एक प्रत माझ्याकडे आहे आणि ती मी बरेचदा उघडून बघतो. पहिल्या फ्रेममध्ये कुरज तारेपासून चांगली दोन हात लांब आहे, आणि झमकूबाईचं तोंड तेव्हाच उघडं आहे. ती आधी ओरडली. मी ओरडलो तो पक्षी पडल्यावर.