ढिला जबडा

दुकान एकच होतं, पण मधोमध प्लायवूडची भिंत होती. भिंतीच्या एका बाजूला थोरला चाव्या बनवायचा, दुसऱ्या बाजूला धाकटा. सख्खे भाऊ, पण कित्येक वर्षांत एकमेकांशी चकार शब्द बोललेले नव्हते.

कारण तसं क्षुल्लक होतं. एका गिऱ्हाइकाच्या कपाटाशी थोरला अख्खी सकाळ झटापट करत होता. धाकट्याने येऊन सहज मूठ फिरवली, तर कपाट उघडंच निघालं. तेवढंही खपून गेलं असतं, पण धाकटा गिऱ्हाइकासमोर पोट धरून हसला. झालं, दुसऱ्याच दिवशी वाटणी. वडिलांचं सामान वाटताना दोघं असे हट्टाला पेटले, की जुनी कुलपं धाकट्याकडे गेली आणि त्याच कुलपांच्या चाव्या थोरल्याकडे. दोघांनाही त्यांचा काडीचा उपयोग नव्हता, पण परत देण्याचं नाव कोणी काढेना.

दोघंही अजून हातात कानस धरून चाव्या घासत. पुढे थोरल्याचं मनगट धरायला लागलं आणि धाकट्याला चावीचे दात नीट दिसेनासे झाले. आपापल्या घरी दोघांनी चाव्या कातायचं मशीन घ्यायचं ठरवलं. नवऱ्यांचा अबोला असला तरी जावा-जावांचं चांगलं गूळपीठ होतं. थोरलीने नवऱ्याला सांगितलं, जायचं तर आजच जा. धाकटीनेही आपल्या नवऱ्याला तेच सांगितलं.

मशीनचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. धाकटा जिना चढून आत आला आणि समोर थोरल्याला बघून दारातच थबकला. मागे फिरावं तर हार मानल्यासारखं होणार, म्हणून तो आत येऊन दुसऱ्या टोकाच्या मशीनवर फुंकर घालत उभा राहिला.

दुकानातल्या विक्रेतीने दोघांनाही माल दाखवायला सुरुवात केली. थोरल्याला हाताने दांडा ओढायचं साधं मशीन आवडलं. ते आवडलंय असं दिसताच धाकट्याने पडद्यावर आकडे येणारं, बटण दाबलं की आपोआप चावी कातणारं मशीन निवडलं. ती म्हणाली, आधी चाचणी घेऊ. ओळखीची एक चावी द्या, तिची नक्कल काढते, मग तुमच्या कुलपात फिरवून बघा.

चाचणीसाठी म्हणून थोरल्याने आणला होता वडिलांच्या चाव्यांचा जुडगा. धाकट्याने आणली होती कुलपं. दोघांनीही आपापल्या पिशवीत पाहिलं आणि मग छताकडे.

"यांच्याकडे चावी असेल तर विचारा," धाकटा विक्रेतीला म्हणाला.

"यांना सांगा, कुलूप आधी बाहेर काढा," थोरला म्हणाला.

भाऊ एकमेकांपासून हातभर अंतरावर होते. बाईने एकाकडून पितळी चावी घेतली, दुसऱ्याकडून कुलूप. पडद्याच्या मशीनने गुणगुणत नक्कल कातली. धाकट्याने ती कुलपात घातली, पण कुलूप ढिम्म. बाई म्हणाली, कुलूपच गंजलेलं असेल. धाकटा म्हणाला, कुलपाला रोज तेल देतो, मूळ चावीच खराब असणार. वडिलांची चावी खराब म्हटल्यावर मात्र थोरल्याची कानशिलं तापली. त्याने पुढे होऊन मशीन चाचपलं.

"तुझा जबडा ढिला आहे," तो म्हणाला.

धाकट्याचा हात आपसूक हनुवटीकडे गेला. "माझा?"

"मशीनचा. चावी धरतो तो. कातताना चावी हलतेय. तुझाही ढिलाच आहे, पण ते घरी बघू."

बाईने खाली वाकून पाहिलं, तर जबड्याचा स्क्रू खरंच अर्धवट सैल. तिने तो आवळला आणि दुसरी नक्कल काढली. थोरल्याने चावी घातली, धाकट्याने कुलूप धरलं, आणि ते खट्कन उघडलं. धाकट्याला हसू फुटलं. त्याने ते दाबायचा प्रयत्न केला, आणि तेवढ्यात थोरल्यालाच हसू आवरेना. बाई बिचारी कुलपात काय विनोद आहे ते शोधत राहिली.

शेवटी दोघांनी दोन मशीनं घेतली. दांड्याचं थोरल्याने, घरांच्या चाव्यांसाठी. पडद्याचं धाकट्याने, गाड्यांच्या चाव्यांसाठी. एकाकडे आलेलं दुसऱ्याचं गिऱ्हाईक पलीकडे पाठवायचं ठरलं, आणि त्यासाठी प्लायवूडमध्ये खिडकी पाडली.

त्या खिडकीतून आता दिवसभर वाद चालतो. इतक्या वर्षांचं तुंबलेलं बोलणं आहे, संपता संपत नाही. परवा एक गिऱ्हाईक चावी देऊन चहा प्यायला गेलं. परत आलं तरी दोघं कोणता दात आधी कातायचा यावरच भांडत होते. चावी तशीच जबड्यात अडकलेली. धाकटी थोरलीला म्हणाली, "वहिनी, अबोला होता तेव्हा कामं लवकर व्हायची, नाही?"

थोरली म्हणाली, "कामं व्हायची गं. पण तुझे भावजी धड जेवत नव्हते."