जावयाने आणलेली वायर

दुकानात हिरव्या चिठ्ठीचं वायरीचं वेटोळं होतं. वायरमनने सुरीचं टोक त्यातल्या वायरीवर घासलं. वरचा तांबूस मुलामा निघाला. आत पांढरंफटक ॲल्युमिनियम होतं.

"तांबं म्हणून विकतोस हे?"

"सगळे हेच नेतात हो," दुकानदार म्हणाला. "अर्थिंग एकदा मातीत गेलं की कोण उकरून बघतंय?"

वायरमन बघायचा. खरवडून पाहिल्याशिवाय त्याने अर्थिंगची वायर कधी जमिनीत गाडली नव्हती. एकदाच चुकला, तोही कुठे, तर पोटच्या पोरीच्या घरी. गेल्या वर्षी जावयाने मोठ्या हौसेने असंच हिरव्या चिठ्ठीचं वेटोळं आणून समोर ठेवलं होतं. जावयाने आणलेल्या वस्तूवर त्याच्यादेखत सुरी कशी चालवायची? सासरेबुवा भिडेखातर गप्प बसले आणि खड्डा बुजवून मोकळे झाले.

आज सकाळीच मुलगी फोनवर म्हणाली होती, "बाबा, गीझर चालू असला की नळाला हात लावताना मुंग्या येतात."

"माझ्या हातचं अर्थिंग आहे ते. झोपेत हात अवघडला असेल तुझा," म्हणत त्याने ते हसण्यावारी नेलं होतं.

ओल्या मातीत ते ॲल्युमिनियम केव्हाच झिजून गेलं असणार. म्हणजे गीझरमधून झिरपणारी वीज जमिनीत न उतरता नळात येत होती. त्याने मुलीला फोन लावला. विहीणबाईंनी उचलला.

"ती होय? आत्ताच आंघोळीला गेली बघा."

"मेन स्विच बंद करा!"

"अहो, पण झालं काय..."

"पण नाही नि बिण नाही! दारामागची लाल दांडी खाली ओढा! पळा!"

आजवर विहीणबाईंशी तो मान वर करून बोलला नव्हता. पलीकडे चपला फटफटत गेल्या. मग काहीच ऐकू येईना. देवाचं नाव घ्यायचंही सुचेना, नुसता "चिमणे, चिमणे" म्हणून लेकीला हाका मारत राहिला.

खट्कन आवाज झाला. मागोमाग लांबून कुणीतरी कडाडलं, "आई, लाईट का घालवली? डोळ्यांत साबण गेलाय माझ्या!"

वायरमन दुकानाच्या पायरीवर मटकन बसला आणि चारचौघांत ढसाढसा रडला.

"व्याही, ऐकताय ना? धडधाकट आहे ती," विहीणबाईंना धाप लागली होती. "सावकाश या तुम्ही. तोवर दांडी धरून उभी आहे मी. कुणाला हात लावू देत नाही."

त्याने फोनपुढे नुसतीच मान हलवली.