यादीतलं पहिलं गाव

खिडकीच्या जाळीखालून अमीनानं बसचा पास आत सरकवला. "मॅडम, माह्या पासवर अंजनी काऊन आलं? मी त जानेफळची."

पुष्पांजलीबाईंनी तिच्या नावानं पासचा फॉर्म आपल्या कॉम्प्युटरवर नव्यानं उघडला. तिथं जानेफळच दिसत होतं. मेहकरच्या त्या कॉलेजात बाई अकरा वर्षं कंत्राटी ऑपरेटर होत्या. म्हणजे ज्याला ज्याला वायर आहे ते सारं त्यांचं. पासचा फॉर्मही त्यांनीच, दोन रविवार घालवून, व्हिडिओ पाहत जावास्क्रिप्टमध्ये लिहिला होता. प्रवेशाच्या नोंदीतलं गाव यादीत आपोआप निवडलं जावं, मुलींना शोधत बसायला नको, एवढाच चांगुलपणा.

अमीनाच्या मोबाइलवर मात्र अंजनी. शिपाई इंद्रभानच्या मोबाइलवरही अंजनी. प्राचार्य महादेवरावांच्या महागड्या फोनवर आधी जानेफळ आलं, पुन्हा उघडल्यावर तिथंही अंजनी.

उमगायला दुपार गेली. काही ब्राउझर गावांची यादी येण्याआधीच निवड उरकून मोकळे होत. मग यादी आली की तिच्यातलं पहिलं नाव आयतंच बसून राही. मुलींनी ते तसंच पाठवलं. भरलेला रकाना वाचायची सवय आपल्याकडे कुणाला आहे?

दुरुस्ती दहा-बारा ओळींची. यादी येईपर्यंत थांब, एकेक नाव वाच, जुळलं तर निवड, नाही तर जागा रिकामी ठेव. बाईंनी सात मोबाइलवर तपासून पाहिलं.

पण पासधारक मुलींची जुनी, चुकीच्या गावांची यादी एसटी डेपोत पोचली होती. जानेफळच्या मुली चार, अंजनीच्या सत्तेचाळीस. त्या हिशेबानं सोमवारपासून सकाळची गाडी जानेफळ सोडून अंजनीला जाणार होती. अमीना तेवढंच म्हणाली, "गाडी नसली त अब्बा मले घरीच बसवतीन."

महादेवराव मनानं वाईट नव्हते, फक्त सही करताना पेन हलकं धरत. "डेपोच्या पत्रात तांत्रिक अडचण असं लिहा. जूनमंदी तुमचं कंत्राट नवं व्हायचं आहे. आपलं नाव कायले घालता?"

"अडचण म्हटलं त डेपोवाले महिनाभर चौकशी करतीन, सर. चूक कोनाची ते लिहिलं त आजच गाडी बदलतीन."

पत्र बाईंनीच टाइप केलं. फॉर्म मी बनवला, तपासला फक्त माझ्या कॉम्प्युटरवर, चूक माझी. खाली पूर्ण नाव. ते घेऊन त्या स्वतः डेपोत गेल्या.

सोमवारी गाडी जानेफळहूनच आली. मुली उतरल्या, अमीनाही उतरली आणि खिडकीकडे न बघता वर्गाकडे धावली. पहिला तास सुरू झाला होता.

नियमाप्रमाणे पत्राची एक प्रत बाईंच्या कंत्राटाच्या फाइलीत लावायची होती. फाइली लावायचं कामही बाईंकडेच. त्यांनी कागद नीट जुळवून घेतला, पंचनं दोन भोकं पाडली आणि तो सगळ्यात वर लावला.